गुणपडताळणीचा अर्ज

बारावीच्या वर्षी माझ्या गणिताची तयारी वडिलांनी स्वतःकडे घेतली. ते सातवी शिकलेले. मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा होता. सकाळी फुलं बाजारात पोचवून आले की ते मला बोर्डाच्या जुन्या पेपरांचं पुस्तक काढायला लावत. शेवटची उत्तरांची पानं त्यांनी फाडून आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली होती. तीन तास ते समोर बसत आणि मग चष्मा लावून एकेक उत्तर ताडून बघत.

"रीत मला कळत नाय," ते म्हणत, "पण उत्तर जुळलं का, तेवढं दिसतं."

पहिल्या पेपरात माझी निम्म्याहून जास्त उत्तरं चुकली. त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना. दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीकडून तेच पुस्तक आणलं, पुढच्या पेपरची उत्तरं पाठ केली आणि मधल्या पायऱ्या काहीबाही लिहून भरल्या. नव्वद मार्क पडले. वडिलांनी संध्याकाळी पेढे आणले. मग प्रत्येक पेपरला मी तेच करत गेले.

बोर्डात मला बेचाळीस मिळाले.

"पेपर जड गेला होता का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही. चांगला गेला होता."

"मग तपासणाऱ्याची चूक असंल. अर्ज करू."

बोर्डाच्या ऑफिसात त्यांनी पिशवीतून माझे घरचे सगळे पेपर काढले आणि खिडकीतल्या बाईंपुढे ठेवले. "बघा मॅडम, पहिला पेपर सोडला तर नव्वदच्या खाली कधी आली नाय." बाईंनी दोन-तीन पानं चाळली आणि एका गणितावर थांबून माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत राहिले.

"अर्ज ठेवून जा, काका," त्या एवढंच म्हणाल्या.

महिन्याभरानं पत्र आलं, गुणांत बदल नाही. मी बी.ए.ला गेले.

पुढे भाची बारावीला बसली, तेव्हा वडील तिला म्हणाले, "पोरी, तुझ्या मावशीवर बोर्डानं अन्याय केला." मी तिथेच मटार सोलत होते. तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते, आणि खरं सांगण्यापासून मला अडवणारं कुणीच नव्हतं. मी सोलत राहिले. भाची म्हणाली, "खरंच, मावशी?"

मी हो म्हणाले.