शंख, चिठ्ठ्या आणि जनाबाय

"मालवणला जायचंय, पण समुद्रासाठी नाही. बाटल्यांतले साप आणि बेडूक बघायला," असं मी जेवताना जाहीर केलं तेव्हा घरात हशा पिकला. माझी नणंद वंदना तेवढी गंभीर होती. "वहिनी, मी येते. दिवसातून दोनदा मासे मिळणार असतील तर मी बाटल्यांतले विंचूसुद्धा बघीन."

मी कोल्हापुरात आठवीला विज्ञान शिकवते. सिंधुदुर्ग मला माहीत होता तो सोलकढीपुरता. एका मैत्रिणीनं सांगितलं, की सावंतवाडीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खोलीत अख्खा जिल्हा बाटल्यांत भरून ठेवलाय आणि प्रत्येक बाटलीवर गावाचं नाव आहे. माझ्या डोक्यात किडा वळवळला. आधी बाटल्या बघायच्या, मग चिठ्ठीवर जी गावं असतील तिथं जायचं! गाईड नको, काही नको.

डिसेंबरातला शुक्रवार. पहाटे निघालो. आजरामार्गे आंबोली, रस्ता बरा आहे, शेवटचा घाट तेवढा जपून उतरा. आंबोलीत धुक्यात उभं राहून वडे खाल्ले आणि अकराच्या आत सावंतवाडी गाठली. (कॉलेजात जायचं असेल तर आधी फोन करून परवानगी घ्या. तिकीट वगैरे काही नाही, पण ते पर्यटनस्थळही नाही.)

विभागाच्या सावंत मॅडमनी कुलूप काढलं आणि मी अक्षरशः टुणकन उडी मारली. भिंतभर बाटल्या! एका बाटलीत लांबलचक गांडूळ दिसलं. मॅडम म्हणाल्या, "हे गांडूळ नाही, देवगांडूळ. बेडकाचं भावंड. याला पाठीचा कणा आहे." चिठ्ठीवर लिहिलं होतं, आंबोली. म्हणजे सकाळी आम्ही जिथं वडे खात होतो तिथल्या मातीत हे साहेब राहतात आणि आम्हाला पत्ता नाही! मी वंदनाला गदागदा हलवलं. ती म्हणाली, "दिसलं, दिसलं, हात सोड."

मॅडमनी एक गोष्ट बजावून सांगितली. "नाव चुकलं तर दुरुस्त करता येतं. ठिकाण गेलं की संपलं. बिनचिठ्ठीचा शंख म्हणजे शोकेसमधलं खेळणं." मग त्यांनी विचारलं, मालवणकडे जाणार आहात ना? देवबागच्या वाटेवर एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी चाळीस वर्षं शंख जमवलेत आणि आता ते कॉलेजला द्यायचे आहेत. मास्तरांचं वय झालंय, मुलगा मुंबईला आहे, त्यांच्यामागे त्या कपाटाचं काय होणार ही त्यांना चिंता. "मी सोमवारी बघायला जातेय. चिठ्ठ्या नीट असतील तरच घेता येईल, तेवढं त्यांना आठवण करून द्या." मला तर ही कामगिरी मिळाली म्हणून आभाळ ठेंगणं झालं.

शनिवारी बांद्यावरून आरोंद्याला गेलो, कारण कॉलेजातल्या वाळवलेल्या पानांच्या एका कागदावर 'तिवर, आरोंदा, खाडीकाठ' असं लिहिलेलं होतं. त्या कागदाचा फोटो मी होडीवाल्याला दाखवला. तो फोटोकडे न बघताच म्हणाला, "तिवर होया? मगे पान चाटून बगा." वंदनानं चाटलं. "अगं, मीठ!" ती किंचाळली. तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, खाडीतलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, हे मी वर्गात फळ्यावर लिहीत आलेय, पण चाटलं मात्र कधी नव्हतं. पुढचा तासभर आम्ही दोन बायका खाडीतली पानं चाटत हिंडलो. होडीवाल्यानं तोंड फिरवून हसून घेतलं. होडीचे पैसे आधीच ठरवून घ्या आणि भरतीची वेळ विचारून जा, ओहोटीला नुसता चिखल असतो. दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात, आणि मग वंदना मालवणपर्यंत गाडीत झोपली.

रविवारी सकाळी मास्तरांच्या अंगणात शिरलो तर समोर दृश्य काय! जुन्या नऊवारीवर दीडशेच्या वर शंख, कवड्या आणि शिंपले उन्हात मांडलेले, सगळे लखलखीत. मास्तरांची सून सुप्रिया हातात दात घासायचा जुना ब्रश घेऊन उभी होती. आम्ही सावंत मॅडमचं नाव सांगितलं.

"या या. कॉलेजातून मॅडम येणार आणि शंखांवर ही धूळ! काल दिवसभर साबणात घालून घासले."

"आणि चिठ्ठ्या?" मी विचारलं.

"त्या पिवळ्या? कसर लागलेली तेंका. न्हाणीच्या चुलीत घातलंय."

पाहुण्यांच्या आधी घर लख्ख हवं, ही या भागातली रीत. त्या रीतीपायी चाळीस वर्षं अंघोळीच्या पाण्याखाली जळाली होती. तेवढ्यात मास्तर देवळातून परत आले. पंचाऐंशीच्या पुढचे, काठी टेकत. त्यांनी नऊवारीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि पायरीवर बसले. वेगळी वही नव्हतीच, जे होतं ते चिठ्ठ्यांवर. "उद्या मॅडम येणार," एवढंच ते म्हणाले. सुप्रियाला तेव्हा कुठे कळलं आणि ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. मला मॅडमचा निरोप देण्याची हिंमत झाली नाही.

अशात फाटकातून एक बाई आली. डोक्यावर माशांची पाटी, साठीच्या पुढची, आवाज खणखणीत. ही जनाबाय. किनाऱ्यावर रापण लागते, म्हणजे अख्खी वाडी मिळून ते लांबलचक जाळं दोन्ही टोकांनी ओढते, तिथं ती लग्न होऊन आल्यापासून दोर ओढत आली आहे. तिनं पाटी उतरवली आणि शंख बघून कमरेवर हात ठेवले.

"अगे बाय! माझे सगळे शंख भायर कित्याक मांडलास?"

"तुझे?" मी म्हणाले.

"मगे कोणाचे? मास्तर काय दर्यात उतरलेले? रापणीत गावले काय मी पाटयेत घालून हाडी. आणि ह्ये माका तीन तीनदा इचारीत, खंय गावलो, खंय गावलो. सांगल्याबिगर चाय नाय!"

मास्तरांनी मान वर केली. "जना, तुका अजून ध्यानात आसा?"

"चायसाठी पाठ केललंय, इसरतलंय कशी?"

मी पर्समधून पेन काढलं. सुप्रियानं डोळे पुसून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणला, वंदना त्यांच्या कोऱ्या बाजू कापायला बसली. जनाबाय एकेक शंख उचलून, उलटा करून, तळ चाचपून सांगायला लागली. "ही तारकर्लेची, नारळी पुनवेनंतरची पयली रापण. ह्यो देवबागाक, खाडयेच्या तोंडार. ह्यो आचऱ्याचो, माझ्या भैणीकडसून." मास्तर मधेमधे "बरोबर, बरोबर" म्हणत आणि त्यांचा आवाज चढत गेला. एका शंखाला ती म्हणाली, "ह्यो त्या दिवसाचो, तुमी माका बिनसाखरेची चाय दिलास तो!" आम्ही पोट धरधरून हसलो. जे आठवेना ते ती सरळ टोपलीत टाकत होती. दुपारपर्यंत शंभरेक चिठ्ठ्या झाल्या, मासे तसेच राहिले आणि गंमत म्हणजे वंदनालाही त्यांची आठवण झाली नाही.

शेवटी उरली एक मोठी, ठिपक्याठिपक्यांची कवडी. तळहात भरेल एवढी. मास्तर हसून म्हणाले, "ही मला पाठ आहे. लिहा, तारकर्ली. आपल्या किनाऱ्यावर अशी दुसरी कुणाला मिळालेली नाही. तीस वर्षं ज्याला त्याला दाखवतोय."

जनाबाय पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मास्तरांनू, ता लिवू नकात."

"कित्याक?"

"ती रापणीतली न्हय. माझो भाव बोटीर होतो. तेना अंदमानसून हाडलेली."

मास्तरांनी कवडी उलटी करून बघितली. मग मास्तरांनी विचारलं, "इतकी वर्सा कित्याक सांगलंस नाय?"

"तुमचा तोंड बगलंय म्हणान. शाळेतली पोरा कशी धावतत, तसे कवडी घेवन वाटेर गेलास, जो दिसात तेका दाखवीत. मगे माझी जीबच वळली नाय."

मास्तर आत गेले. दुपारी त्यांनी चहाही घेतला नाही. ती चिठ्ठी मी कोरीच ठेवली.

खरं तर सोमवारी सकाळी आम्ही निघणार होतो, पण पाय निघेना. मॅडम दहाला आल्या. चिठ्ठ्या जळाल्याचं आणि जनाबायनं आठवून पुन्हा सांगितल्याचं मी आधीच सांगून टाकलं. बाकी शंभर सोडून त्यांचा हात थेट त्या कवडीवर गेला. "सर! ही इथली आहे? मग ही दर्शनी भागात ठेवू, खाली तुमचं नाव घालून. पण चिठ्ठी कोरी का?"

जनाबाय फाटकाशी उभी होती, मान खाली घालून. मी मास्तरांकडे बघत होते. एक शब्द बोलले असते, 'तारकर्ली', की त्यांचं नाव त्या काचेमागे कायमचं राहिलं असतं. आम्ही कुणी तोंड उघडलं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं.

"मॅडम, ती इथली नाही," मास्तर म्हणाले. "अंदमानची आहे. मी तीस वर्षं चुकीचं सांगत होतो."

"तेंची काय चूक नाय," फाटकातून आवाज आला. "खोटा मी सांगललंय."

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि कवडी खाली ठेवली. "हे तुम्ही सांगितलंत, म्हणून बाकीच्या चिठ्ठ्यांवर माझा विश्वास बसला," त्या म्हणाल्या. "नोंद करताना 'आठवणीवरून' असं स्पष्ट लिहू. आणि गोळा करणारी म्हणून यांचं नाव लागेल. पूर्ण नाव सांगा." जनाबायनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सुप्रिया पुन्हा रडली, या वेळी हसत. मी सावंत मॅडमना मिठी मारली, ज्याची काही गरज नव्हती.

परत येताना कसाल, कणकवली आणि फोंडा घाट धरला. राधानगरीपर्यंत वंदना एकच वाक्य म्हणत होती, "वहिनी, मासे राहिले की गं." दोघींचा चार दिवसांचा खर्च, राहणं आणि डिझेल धरून, एका बऱ्यापैकी साडीएवढा. मिळालं काय? आता नकाशावर मला गावं दिसत नाहीत, गावात राहणारे दिसतात. आंबोली म्हटलं की देवगांडूळ, आरोंदा म्हटलं की जिभेवर मीठ. आणि माणसांचं म्हणाल तर अजून पुरतं कळलेलं नाही.

परवा सुप्रियाचा फोटो आला. शंख कॉलेजात गेले, मास्तरांचं कपाट रिकामं आहे. मधल्या फळीवर फक्त ती ठिपक्यांची कवडी आणि तिच्यापुढे मास्तरांच्या थरथरत्या अक्षरात चिठ्ठी. त्यांच्या चिठ्ठ्यांवर नेहमी तीनच ओळी असायच्या म्हणे. हिच्यावर चार आहेत.

कवडी.
अंदमान.
आणणारी : जना.
कारण : मास्तर खूश व्हावेत म्हणून.