कोपरापर्यंत हात

"अंदर नक्को आओ साब. पानी इधरीच लाके देते."

क्लबच्या मागच्या फाटकाशी वॉचमनचं स्टूल. त्यावर मी, मांडीवर पाणी तपासायची सरकारी पेटी. पोहण्याच्या तलावातला नमुना मी स्वतः घ्यायचा, असा नियम. पण मॅनेजर असं म्हणून माझी बाटली आत न्यायचा आणि भरून आणायचा. मी औषधाचे थेंब टाकायचो. पाणी पिवळं व्हायचं, म्हणजे क्लोरीन आहे. सही. वर्षाचा परवाना.

पहिल्या वर्षी असं नव्हतं. सेक्रेटरी मराठी निघाले, हैदराबादचे जुने. माझी भाषा ऐकून खूष झाले. "अरे, आपलाच माणूस. बसा." चहा सांगितला. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. चहा आलाच नाही. पुढच्या वर्षीपासून हे स्टूल.

चार वर्षं बसलो त्यावर. खोटं कशाला बोलू, थकलो होतो. काचीगुड्याहून दोन बस बदलून जायचं, वर भांडायचं कुणी? उदारीकरण आलं म्हणत होते. क्लबात परदेशी फरशी आली, स्पा आला. माझं स्टूल तेच.

एका मे महिन्यात, भर दुपारी, बाटली हातात आली ती गारेगार. सकाळपासून उन्हात तापलेल्या तलावाचं पाणी गार कसं? नळाचं होतं, क्लोरीन घालूनच येणारं. दरवर्षी नळाचंच असणार. मला कळत नव्हतं असं नाही, कळून घ्यायचं नव्हतं. तेवढ्यात पोहायला शिकणारी पोरं फाटकातून बाहेर आली. डोळे लालभडक, चोळत होती. मला माझ्या सह्यांची लाज वाटली.

मी उठलो. मॅनेजर आडवा आला. "साब, सेक्रेटरी साब गुस्सा होते."

"होने दो."

काठावर गुडघे टेकले. बाही सारली. कोपरापर्यंत हात घातला. पाणी बुळबुळीत. थेंब टाकले, रंग बदललाच नाही. सेक्रेटरी लांबून बघत होते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा ऑफिसात फोन. "पूरा पानी बदल दिये साब."

"रिपोर्ट मिल गया?"

"रिपोर्ट? नै साब. आप गए, सेक्रेटरी साब बोले, खाली कर दो."

रिपोर्ट तर अजून माझ्या टेबलावरच पडला होता, गेलाच नव्हता. पोरांचे डोळे लाल झाले तरी न बदललेलं पाणी माझा हात लागला म्हणून एका दिवसात उपसलं.

रिपोर्ट पुढे ओढला. मग लिहिलं, परवाना नामंजूर. कारणांत गार बाटली लिहिली. माझ्या आधीच्या सह्याही लिहिल्या. नोकरीचं व्हायचं ते होवो.

नव्या पाण्याचा नमुना घ्यायला मीच जाणार आहे. पुढच्या दाराने. कोपरापर्यंत हात घालीन. त्यांनी पुन्हा उपसावं. मी पुन्हा जाईन.