थोरलीचे केस

आमच्या बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका डोक्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होत्या. कापडाचं डोकं, आत भुसा, खाली लाकडी दांडा. नाक नाही, डोळे नाहीत. केस मात्र खरे, माणसाचे, थेट खांद्यापर्यंत आलेले.

"ही थोरली," बाई म्हणाल्या. "हिच्यावर शिकायचं. कंगवा लावण्याआधी विचारायचं, थोरले, बसू का?"

मी मनात म्हटलं, झालं! चार घरची भांडी घासून जीव विटला म्हणून इथं आले, तर इथं भुशाच्या डोक्याची परवानगी घ्यायची.

तो केस कापायचा वर्ग होता. एक संस्था चालवायची, आमच्यासारख्या हातावर पोट असलेल्या बायकांसाठी. वर्षाला एक तुकडी, सहा जणींची. शेवटी संस्थेची परीक्षक बाई यायची. जी पास होईल तिला एक फिरती खुर्ची, आरसा आणि कात्र्यांचा संच मिळायचा. ती खुर्ची मला हवी होती. आमच्या पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते. तिच्याजवळचा कोपरा मी झाडून रिकामा करून ठेवला होता. सासूबाई रोज त्या कोपऱ्याकडे बघून म्हणायच्या, "तिथं खुर्ची यायच्या आत माझेच डोळे मिटतील." मी म्हणायचे, "मिटू नका, पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच आहात."

बाई मूळच्या शिकलेल्या नव्हत्या. त्यांची मोठी बहीण घरोघर जाऊन बायकांचे केस कापायची, आणि बाई तिच्यामागून केर काढायला जायच्या. बहिणीनं त्यांच्या हातात कात्री दिली आणि वर्षभरात आजारानं गेली. हे सगळं बाईंनी एका दमात सांगितलं आणि वर म्हणाल्या, "आता बोलू नका, भांग पाडा." त्या डावखुऱ्या होत्या. डोक्याला सदा निळा रुमाल, उन्हाळ्यातसुद्धा. रागावल्या की आवाज चढायचा नाही, उलट खाली जायचा, आणि तेच वाईट.

थोरलीबद्दल वर्गात कुजबुज होती. बाई परीक्षा तिच्यावरच घ्यायच्या. डोक्याचे सहा भाग, एकेकीला एक. म्हणजे दर वर्षी केस खांद्यापासून कानापर्यंत यायचे. मग पुढच्या परीक्षेला पुन्हा खांद्यापर्यंत कसे? आमच्यातली भाजीवाली तिसऱ्यांदा परीक्षेला बसत होती, तिनं स्वतः पाहिलं होतं.

"वाढतात," ती म्हणाली. "सुट्टीत वर्ग बंद असतो ना, तेव्हा वाढतात."

"भुशात काय मुळं धरतात?" मी म्हटलं.

"आणि पिकतातसुद्धा. भांगाजवळ बघ."

मी बघितलं. चार-पाच पांढरे केस होते. मी भुताखेताला भिणारी नाही, माझ्या सासूबाईंबरोबर नऊ वर्षं काढली आहेत. पण त्या दिवसापासून मी थोरलीकडे पाठ करून बसेनाशी झाले.

एकदा सरावात माझ्या हातून नको ते झालं. त्या दिवशी नुसतं मोजायचं होतं, बोटात केस धरून कात्रीची जागा दाखवायची होती, आणि मी सवयीनं कात्री मिटली. कानामागची एक बट खाली पडली. बाईंनी ती उचलली, तळहातावर ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे असे मिळत नाहीत गं."

रात्रभर ते शब्द डोक्यात फिरत राहिले. सकाळी माफी मागायला म्हणून मी वर्ग उघडायच्या तासभर आधी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, थोरली मांडीवर. रुमाल सुटलेला. बाईंचं डोकं ओबडधोबड कातरलेलं होतं, कुठे दोन बोटं केस, कुठे नुसती टाळू, मागे एक-दोन लांब बटा उरलेल्या. सुईदोऱ्यानं त्या स्वतःची एक बट कानामागच्या जागी शिवत होत्या.

त्यांनी मान वर केली. "दार लाव, वारा येतोय."

मी दार लावलं आणि मला रडूच आलं. "बाई, संस्थेला सांगा ना, दुसरं डोकं आणतील."

"आणलं होतं. प्लॅस्टिकचे केस. त्यावर शिकलेली बाई माणसाच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी फसते, आणि फसलेल्या बाईकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही." त्यांनी दोरा दातानं तोडला. "पहिले केस ताईचे होते. ती गेली तेव्हा तिची वेणी मी ठेवली. ती संपल्यावर माझे."

"आणि आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर कापताना हात थरथरले असते."

म्हणजे भूतबीत काही नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. पण त्या दिवशी 'थोरले, बसू का?' हे मी पहिल्यांदा खरोखर विचारलं.

नंतर बाई आजारी पडल्या. खोकला, मग ताप, मग मोठं दुखणं. औषधांनी उरलेसुरले केस गेले, भुवयासुद्धा. परीक्षा चार आठवड्यांवर आली होती. बाई दवाखान्यात, वर्गाची किल्ली माझ्याकडे, आणि थोरलीचे केस, दुखण्याआधी बाईंनी खऱ्या कापणीचा सराव करून घेतला त्यात, कानाच्याही वर गेलेले. परीक्षक बाई एकच दिवस येणार होती. तिला कापायला केस दिसले नाहीत तर तुकडी रद्द, खुर्च्या परत. बाकीच्या पाच जणी निवांत होत्या, त्यांच्या हिशेबी वर्ग बंद होता म्हणजे केस वाढणारच होते. खरं मला एकटीला माहीत होतं.

माझी वेणी कमरेपर्यंत होती. लग्नाआधीपासून तिला कात्री लागली नव्हती. सासूबाईंना काय सांगायचं ते ठरवून टाकलं, उवा झाल्या म्हणून. परीक्षेच्या दिवशी भल्या सकाळी मी सुई, काळा दोरा आणि कात्री पिशवीत घालून निघाले. वेणी कापायची, आठ वाजेपर्यंत शिवायची.

कुलूप काढलं. दार ढकललं. थोरली टेबलावर होती तशीच, तोंड दाराकडे.

केस खांद्यापर्यंत होते.

काळेभोर. एकही पांढरा नाही. मी दारातच उभी राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. खिडक्यांना आतून कड्या होत्या. किल्ली एकच, ती माझ्या मुठीत. बाई चार दिवस खाटेवरून उठल्या नव्हत्या, आणि उठल्या असत्या तरी केस कुठून आणणार? मी जवळ गेले. बट उचलून मुळाशी पाहिलं. बाईंचा टाका मला ओळखू यायचा, डावीकडे कललेला. तो नव्हता. कुणाचाच टाका नव्हता. दोराच नव्हता. केस कापडातून सरळ बाहेर आले होते, आणि मुळाशी बोट लावलं तेव्हा कापड कोमट लागलं.

मी पिशवी मांडीवर घट्ट धरून खुर्चीत बसले. पळून जावं असं वाटलं. मग तो झाडलेला कोपरा डोळ्यांपुढे आला. मी उठले, फडकं ओलं केलं आणि थोरलीचं तोंड पुसलं. बाई रोज पुसायच्या तसं.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" भाजीवाली आत येताच म्हणाली. मी तिच्या हातात कंगवा दिला.

माझा नंबर शेवटचा होता. परीक्षक बाई वही घेऊन समोर. मी म्हटलं, "थोरले, बसू का?" आणि कंगवा लावला. खरंच सांगते, हात जराही थरथरला नाही. बोटांत केस धरले की ते आपसूक सरळ व्हायचे, जसं कुणी मान स्थिर धरून बसावं. परीक्षक बाईनं दोनदा जवळ येऊन पाहिलं. "डोकं नवीन आणलंत वाटतं," एवढंच म्हणाली. सहाही जणी पास झाल्या, भाजीवालीसुद्धा.

तिथून मी तशीच दवाखान्यात गेले. बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"किती लांब होते?"

"खांद्यापर्यंत. काळे. जरा कुरळे."

"ताईचे तसेच होते," बाई म्हणाल्या. "घाबरलीस?"

"खूप."

"कापताना?"

"नाही."

"मग झालं." त्यांनी माझा हात चाचपून धरला. "तिला घरी ने. एकटी ठेवू नकोस."

बाई त्याच महिन्यात गेल्या.

आता खिडकीजवळ माझी खुर्ची आहे. पहिलं गिऱ्हाईक सासूबाईच झाल्या, आणि वर बोलल्या, "बरे कापलेस, पण मला म्हातारी दाखवतेस." दुपारी मी शिकवते. वर्षाला सहा जणी, घरकाम करणाऱ्या, हमाली करणाऱ्या, टाकलेल्या. थोरली आरशासमोर असते. सहावी तुकडी परवा पास झाली. दर परीक्षेच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठते, सुई, काळा दोरा आणि कात्री घेऊन तिच्यापुढे बसते. वेणी सोडून तयार ठेवते.

वेणी आता गुडघ्यापर्यंत आली आहे. अजून तिला कात्री लावावी लागलेली नाही.