अंबादासपंतांचे अर्ज

संस्थान विलीन झाले आणि अंबादासपंत हेर्लेकरांची नोकरी दरबारातून सरकारात आली. दप्तरखाना तोच, लाल रुमालांत बांधलेले मोडी कागदही तेच. पण मुंबईहून नवे साहेब आले आणि पंतांनी अर्जांचा सपाटा लावला. खुर्चीचा पाय लुळा, अर्ज. शाई पाणचट, अर्ज. पगडीची खुंटी कोणी उपटली, अर्ज. हजेरीपटावर आपले नाव वर हवे, यासाठी तर सहा! माणूस लबाड नव्हता, कामचुकार तर मुळीच नाही. फक्त नाकावर माशी बसू द्यायचा नाही. साहेब सुरुवातीला वाचत. पुढे पुढे नुसते अक्षर ओळखून 'पाहिले, दप्तरी दाखल' असा शेरा मारू लागले.

मग एक दिवस हुकूम निघाला. नवी टेबले यायची आहेत, मोडी रुमाल मागच्या जुन्या पागेत हलवा. पागेत वाळवी! राधानगरीकडच्या कितीतरी घरांच्या जमिनींचे हक्क त्या रुमालांत होते आणि दुसरी नक्कल कुठेच नव्हती. पंतांनी चार पानी अर्ज दिला. दुपारी तो परत आला. पाहिले, दप्तरी दाखल.

"वाचलासुद्धा नाही बघा!" पंतांचा आवाज रडवेला झाला.

शेजारचे कारकून दादासो मगदूम यांनी वीस वर्षांत एकही अर्ज केला नव्हता. त्यांच्याही खुर्चीचा पाय मोडलेला; खाली वीट ठेवून ते बसत.

"पंत, खुंटीसाठी बी तुमी असंच वरडलासा की. सायबाला कसं कळावं, आग कुठली न् धूर कुठला?"

पंतांना बोचले, पण खरे होते.

"मग तुम्ही लिहा. मी सांगतो."

दादासोंनी आपल्या अक्षरात शब्दन् शब्द उतरवला. साहेबांनी अनोळखी अक्षर पाहून अर्ज नीट वाचला. ते स्वतः पागेत गेले, भिंतीला हात लावला तर मातीचा पापुद्रा हातात आला आणि आत वाळवी वळवळत होती. हुकूम रद्द झाला.

"हेर्लेकर," साहेब सगळ्या कचेरीदेखत म्हणाले, "याला म्हणतात तक्रार. मगदूमांकडून शिका जरा."

पंतांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ओळ न् ओळ त्यांची होती! त्यांनी कागद ओढला, टाक शाईत बुडवला. दादासो नुसते बघत राहिले. समोरच्या फळीवर रुमाल जागच्या जागी होते.

पंतांनी टाक पुसून ठेवला.

"दादासो," ते चिडूनच म्हणाले, "ती वीट कुठनं आणलीत?"