सुर्ल्याच्या रंगाचे बूट

आमच्या पेडण्यात थंडी म्हणजे काय, तर सकाळी आठपर्यंत कानाला टॉवेल बांधायचा आणि नऊ वाजता तोच टॉवेल सोडून घाम पुसायचा. एवढ्या थंडीसाठी माझ्या नातीकडे तीन जोड बूट आहेत. एक घोट्यापर्यंत, एक नडगीपर्यंत, एक गुडघ्यापर्यंत. मी विचारलं, थंडी खालून चढत येते की काय, म्हणजे जशी चढेल तसा बूट बदलायचा? देवळाच्या पायरीवर ती बूट काढायला बसते तेव्हा आत आरती सुरू होते, आणि दुसरा पाय मोकळा होतो तेव्हा भटजी प्रसाद वाटून घरी निघालेला असतो. ती म्हणते, आजोबा, तुम्हाला कळायचं नाही. मी मराठी दुसरी शिकलेला माणूस, पुष्कळ गोष्टी मला कळत नाहीत. पण बायकांच्या बुटातलं कळतं. आमच्या घरात असला पहिला बूट आला तेव्हा त्याची वाट मीच लावली होती.

गोवा राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली होती. राज्य आलं, पण आमच्या कोरगावची बस काही वेळेवर आली नाही. माझा स्वतःचा ट्रक होता. सोमवारी पहाटे निघायचं, आठवडाभर सुर्ल्याच्या लोखंडाच्या खाणीवरून नदीच्या धक्क्यावर माल टाकायचा, ट्रकातच झोपायचं आणि सुट्टीला घरी यायचं. धाकटी मुलगी म्हापशाला कॉलेजात. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाटक होतं आणि त्यात थंड मुलखातल्या मडमिणीचं काम होतं. ते माझ्या मुलीला मिळालं. कारण काय, तर तिचा पाय. तिच्या वर्गातल्या एका किरिस्तांव मुलीच्या घरी खरोखरचे थंडीचे बूट होते, आणि ते तिच्याच पायात बसले. दुसरी एक मुलगी त्या कामावर टपलेली होती, पण तिची टाच बुटात जाईना. मास्तरांनी सांगून ठेवलं होतं, बूट असले तर ही, नाहीतर ती आपली उंच टाचेची चप्पल घालून उभी राहील. नाटकाचं काम पायावर ठरतं हे मला तेव्हा कळलं.

मी तीन रविवार हो म्हटलं नाही. आमच्या जत्रेच्या दशावतारात राणीचं काम करणारा दिवसा नांगर धरतो, नऊवारी नेसून उभा राहिला की बायका त्याच्याकडे बघून पदर सारखा करतात, आणि त्याला बूटबीट लागत नाहीत. चौथ्या रविवारी बायको म्हणाली, ती नाचूंक जायना, बोलूंक जाता. मग मी गप्प राहिलो. माझं गप्प राहणं म्हणजे हो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्याच दिवसांत ट्रकाला कोणाची तरी नजर लागली. आठवड्यात दोन टायर गेले आणि स्प्रिंगचा पाटा तुटला. खाणीवरचे ड्रायव्हर म्हणाले, मागे जुनं पायताण बांध. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात. फाटकी चप्पल मागे लोंबत असली की नजर तिच्यावर जाते, गाडी सुटते. सोमवारी पहाटे मी पायताण शोधत परसात गेलो तर नीरफणसाच्या मुळाशी एक बूट पडलेला. लांबलचक, मानेत मोडलेला, मेलेल्या मांजरासारखा. कातडं जागोजागी उडालेलं, वरून झिरमिळ्या लोंबलेल्या. शेजारी आमचा कुत्रा बसलेला. मला वाटलं, हरमलच्या किनाऱ्यावर कोणा गोऱ्याने टाकून दिला आणि याने ओढून आणला. देवाला हात जोडले, बूट ट्रकाच्या मागे सुंभाने बांधला आणि सुर्ल्याला गेलो. चार दिवस एक टायर बसला नाही.

गॅदरिंग होतं म्हणून त्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळीच घरी आलो. ट्रक उलटा घेत अंगणात लावला. मुलगी मागे उभी होती. मैत्रिणीचे बूट तिने मला न दाखवता घरी आणून ठेवले होते, त्यातला एक नाहीसा झाल्यावर चार दिवस तिने परस, विहीर, शेजाऱ्यांचं भाताचं गवत, सगळं उलथून पाहिलं होतं. गॅदरिंग शनिवारी.

"बाबा, तो माझो बूट," ती म्हणाली.

मी म्हटलं, तो तर जुना, फाटका.

"तो तसोच दिसूंक व्हयो. फॅशन तशी आसा."

जुनं दिसावं म्हणून लोक नवं विकत घेतात हे मी त्या दिवशी ऐकलं. आमच्याकडे जुनं फुकट होतं, कोणी विचारत नव्हतं.

बूट सोडला तर तो लाल झालेला. सुर्ल्याची धूळ एकदा बसली की बसली. माझ्या बनियनी आजपर्यंत पांढऱ्या झाल्या नाहीत. साबण झाला, रॉकेल झालं, बायकोने चिंचेने घासला. उलट रंग आणखी आत गेला. एक बूट मातकट, दुसरा लालभडक. मुलगी रडली नाही. कोपऱ्यात बसून तिने तिच्या कामाची वही मिटली. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मग मला सुचलं. एक पाय लाल असला तर लोक हसतात. दोन्ही लाल असले तर तो रंग. दुसरा बूटही लाल करू. मुलगी म्हणाली, लोकांची वस्तू, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि विचारायला तुम्ही जायचं.

मी जन्मात कोणाकडे चूक कबूल करायला गेलो नव्हतो. खाणीच्या मॅनेजरकडेही नाही. शुक्रवारी सकाळच्या बसने पिशवीत दोन बूट घेऊन म्हापशाला गेलो. त्या मुलीची आई फ्रॉक घालून दारात झाडू मारत होती. रस्ताभर घोकलेलं सगळं विसरलो.

"बाये, चूक माझी. चेडवाची न्हय," एवढंच म्हटलं, आणि बूट काढून दाखवले.

तिने लाल बूट उलटासुलटा पाहिला. कसा झाला ते मी सांगितलं. ट्रकाचं ऐकल्यावर ती पायरीवर बसली आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. तिच्या परदेशातल्या बहिणीने ते पाठवले होते आणि या घरात त्यात कोणाचाच पाय शिरला नव्हता. हवे तसे रंगवा म्हणाली. मग चहा-पाव देऊनच सोडलं. चहा गोड होता, पण चांगला लागला नाही.

घरी येऊन ट्रकाच्या फळीतली धूळ झाडून घेतली. मी दुसऱ्या बुटावर ती चोळायला लागलो तर बायकोने तो हातातून काढून घेतला. धूळ पाण्यात कालवली, नारळाचं सोडण घेतलं आणि सारवण घालतात तसा एकेक हात फिरवला. माझ्या लाल बुटापेक्षा तिचा बूट सारखा झाला. कुठे शिकली, हे मी विचारलं नाही. लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून नऊ वर्षं ती त्याच खाणीवर दगड वेचायला होती.

शनिवारी मुलगी उभी राहिली. टपलेली मुलगी पहिल्या रांगेत बसून नुसते पायच बघत होती. मडमीण चालली तिथे तिथे स्टेजवर लाल ठसे उमटले, पण काम तिने घालवलं नाही. बायको बायकांत बसली होती, मी मागे उभा होतो. टाळ्या मी वाजवल्या नाहीत, टॉवेल हातात होता.

नंतर पोरींचा घोळका तिच्याभोवती. हा रंग कुठे मिळतो, मुंबईहून आणला काय, आम्हालाही हवा. माझी मुलगी गंभीरपणे म्हणाली, परदेशातून येतो. ट्रकभर माल आणून विकला असता तर मी आज बंगल्यात बसून हे लिहिलं असतं.

बसमध्ये मी बायकोला हे सांगून हसत होतो. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं.

"नऊ वर्सां माझ्या पायांक ह्योच रंग होतो," ती म्हणाली. "कोणी इचारूंक ना, खंय मेळता म्हणान."

कोरगावच्या तिठ्यापर्यंत मी टॉवेलची गाठ सोडत आणि बांधत बसलो.