शेणव्यापलीकडचं देऊळ
फुटलेल्या दगडाच्या धुळीचा वास आला की मला शेणवे गावापलीकडचं ते जुनं शिवमंदिर आठवतं. जुन्या वास्तूंच्या पाहणीसाठी मी आणि माझी मैत्रीण स्वयंसेवक म्हणून तिथे गेलो होतो. गाभाऱ्यात तीन माणसं गुप्तधनासाठी पिंडीभोवतीची फरशी उखडत होती. मैत्रिणीने फोटो काढताच एकाने तिच्या उजव्या हातावर पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी धावले, तर दुसऱ्याने गळा धरून मला खांबावर आपटलं. तेवढ्यात लाकडाची मोळी बाहेर टाकून गावातली एक बाई कोयता घेऊन आत घुसली. “आमचा देव खणता काय रे? सोड तिला, नाय तर मुंडी उडवीन!” असं ओरडत तिने त्याच्या दंडावर वार केला. रक्त पिंडीवर उडालं आणि तिघंही पळाले. मैत्रीण आता डाव्या हाताने फोटो काढते, आणि मी दाराकडे तोंड करून उभी राहते.