होडीच्या तेलाची दमणी

कल्याणला सासऱ्यांच्या दारात मी माशाच्या तेलाने रंगवलेली दमणी नेऊन उभी केली. सासरे त्रिकाळ स्नान करणारे. त्यांच्या घरात चातुर्मासात कांद्याचं नावसुद्धा हळू आवाजात घेत. अशा घरापुढे. आणि हे मी कोणाच्या सांगण्यावरून केलं नाही. स्वतःच्या हाताने, धोतराचा काचा मारून केलं, आणि करताना तोंडाने आरत्या म्हणत होतो. ती दुपार आठवली की अजून माझ्या हातातला पेला खाली ठेवावा लागतो.

झालं असं. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. बारशाला मी आमच्याच दमणीतून कल्याणला गेलो. ही दमणी वडिलांच्या वेळची, दोन बैलांची, वर टप असलेली. गाडी चांगली दणकट, पण रंग म्हणून काही उरला नव्हता. सासरे ओटीवरून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, ही गाडी दारात उभी राहिली की शेजाऱ्यांना वाटतं, आमच्याकडे शेण न्यायला कोणी आलंय."

मी हसलो. जावयाला हसावं लागतं.

"लेकीला न्यायला याल तेव्हा जरा माणसांत आणा तिला. मार्गशीर्षात पाठवीन. एकदा पौष लागला की मग मी पाठवायचा नाही, सांगून ठेवतो."

आगगाडी होती की, असं कोणी म्हणेल. होती. दिवसातून कितीदा तरी कल्याणहून आमच्या ठाण्याला शिट्ट्या मारत जात होती. पण सासऱ्यांच्या मते त्या डब्यात कोण कोणाला शिवून बसतं ते देवालाच ठाऊक, तेव्हा लेकुरवाळी लेक त्यात बसवायचा प्रश्नच नव्हता. बायको आणि मूल घरी यायचं ते दमणीतूनच, आणि दमणी रंगली तरच.

ठाण्यात साहेबलोकांच्या बग्ग्या रंगवणारा एक रंगारी होता. त्याच्याकडे गेलो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, नखाने लाकूड खरवडलं आणि म्हणाला, "आधी घासायची, मग अस्तर, मग रंग, मग रोगण. एकेक हात सुकू द्यायचा. संक्रांतीनंतर घेऊन जा."

संक्रांतीनंतर म्हणजे पौषात, आणि पौषात सासरे पाठवायचे नाहीत. माघापर्यंत मी भिंतीकडे बघत जेवणार, आणि आई नातवाचं तोंड बघायला मिळेना म्हणून माझ्याकडे बघत सुस्कारे टाकणार. घरी येता येता मनाशी म्हटलं, रंग म्हणजे काय, भुकटी आणि तेल. रोगण म्हणजे काय, चकाकतं ते. हात आपल्यालाही दोनच आहेत आणि रंगाऱ्यालाही दोनच.

कचेरीत माझ्या शेजारी बसणाऱ्या वयस्क कारकुनांना बेत सांगितला. ते लिहिता लिहिता थांबले. "तुम्ही रंगवणार?"

"का? अवघड काय आहे?"

"अवघड काही नाही. गेल्या खेपेला घरचं घड्याळ तुम्हीच उघडलंत ना?"

"ते आधीच बंद होतं."

"हो, पण तेव्हा ते घड्याळ होतं," असं म्हणून ते पुन्हा लिहू लागले.

आईला सांगितलं तेव्हा ती अंगणात सांडगे घालत होती. तिने वर न बघताच विचारलं, "खुंटी ठोकायला गेलास आणि निम्मी भिंत खाली आणलीस, ती अजून लिंपायची आहे ना रे?"

"आई, खुंटी वेगळी आणि रंग वेगळा."

"वेगळा असेल. पण या अंगणात नको. माझं वाळवण आहे."

तिने अंगण दिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पहिल्याच दिवशी तिच्या नाकाने मला वाचवलं असतं. पण मी रागाने दमणी जुंपली आणि बाळकुमला नेली. तिथे खाडीच्या काठी, गाड्या होडीवर घालून पार नेणाऱ्या तरीपासून जवळच, ओळखीच्या एका शेतकऱ्याचा मोकळा गोठा होता. कल्याणचा रस्ता तिथूनच तर खाडी ओलांडून पुढे जातो, म्हणजे रंग झाला की तशीच गाडी घेऊन निघायचं, असा माझा दूरदर्शी हिशेब. आठ दिवसांची रजा टाकली.

पहिला दिवस घासण्यात गेला. दुसऱ्या दिवशी हिरमजीची तांबडी भुकटी तिळाच्या तेलात कालवून लावली. ती संध्याकाळपर्यंत चिकट, सकाळीही चिकट. त्यावर रात्रभरात जेवढं म्हणून पाखरू-चिलट होतं तेवढं येऊन बसलं होतं. ते सगळं पुसून काढताना माझी नजर काठावर गेली. तिथे एक कोळी होडी उपडी करून तिला बोळ्याने काहीतरी चोळत होता. होडीचं लाकूड असं झळकत होतं की त्यात आभाळ दिसावं.

मी गेलो. "काय लावतोस रे?"

"तेल."

"सुकतं का लवकर?"

"ऊन असला तर दुपारपावत."

"आणि टिकतं?"

"खाऱ्या पान्यान जात नाय, दादा."

चकाकी विचारली, सुकणं विचारलं, टिकाऊपणा विचारला. तेल कशाचं, तेवढंच विचारलं नाही. तेल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे घाणा येतो, घाण्याचा बैल येतो, तीळ येतात. खाडीच्या पाण्यातही तेल पोहत असतं, हे माझ्या शिक्षणात नव्हतं. त्याने एक गाडगं भरून दिलं. त्याला वाटलं असेल, एवढा शिकलेला माणूस मागतोय म्हणजे ठाऊक असणारच.

आता कोणी विचारील, अहो, वास? तर मी तपकीर ओढत असे. सकाळी उठल्यापासून ओढत असे. माझं नाक शोभेपुरतं उरलं होतं. शिवाय बाळकुमच्या काठावर जाळी वाळत घातलेली, सुकट पसरलेली. तिथे वेगळा वास यायचा तरी कुठून?

तेलात हिरमजी कालवली आणि काय सांगू, रंग बसला. दोन हात दिले. हौस म्हणून दोन्ही बाजूंना पिवळ्या रंगाने राघू काढले. ते थोडे घुबडाच्या अंगाने गेले, पण डौलदार होते. उन्हात गाडी पिकल्या डाळिंबासारखी दिसू लागली. मी लांब उभा राहून तिच्याकडे बघत राहिलो आणि त्या रंगाऱ्याची मला मनापासून कीव आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. तरीवाल्याने गाडी होडीवर चढवताना टपावर थाप मारली आणि म्हणाला, "ही गारी पान्यान टाकली तरी बुराची नाय." मी ती स्तुती समजलो. भिवंडीच्या बाजारातून जाताना माणसं वळून वळून बघत होती. एका दुकानदाराने उपरणं नाकाशी धरलं. मला वाटलं, बैलांच्या पायांची धूळ. पुढची दुसरी तरी ओलांडून कल्याणच्या वेशीत शिरलो तेव्हा मागे एक मांजर चालत होतं. सासऱ्यांच्या आळीत वळेपर्यंत पाच-सहा झाली. मी बैलांना जरा सावकाश घेतलं, सगळ्यांना नीट बघता यावं म्हणून.

सासरे ओटीवरून खाली उतरले. त्यांचा चेहरा असा खुलला की मला गहिवरून आलं.

"वा, जावईबापू. कोणाकडून करून घेतलीत?"

"कोणाकडून नाही. मीच केली."

"तुम्ही?" त्यांनी तळहात टेकवून चाकापासून टपापर्यंत, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. "हात आहे हो तुमचा." आणि मोठ्या समाधानाने त्याच हाताने त्यांनी आपल्या भरघोस मिशीला पीळ दिला.

पुढचे काही क्षण मला एकेक करून आठवतात. सासूबाई माझ्यावरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन आल्या आणि पायरीवरच थबकल्या. सासऱ्यांचा हात मिशीवरच राहिला. नाकपुड्या हलल्या. त्यांनी हात नाकाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. तेवढ्यात सगळ्यांत पुढचं मांजर पुढे झालं आणि चाक चाटू लागलं.

"मांजर," सासरे अगदी हळू म्हणाले, "चाक का चाटतंय?"

मी मांजराला पायाने बाजूला सारलं.

"रोगण कुठलं आहे हे?"

"बाळकुमचं. होडीला लावतात ना, ते."

कल्याणात खाडीकाठी जन्म गेलेल्या माणसाला होडीला काय चोळतात ते सांगावं लागत नाही. मुशी माशाच्या काळजाचं तेल. सासूबाईंच्या हातातला भाकरतुकडा पडला. तो ओवाळण्याआधीच मांजरांनी संपवला. सासरे सरळ विहिरीवर गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर घागरीमागून घागर ओतू लागले. मी दमणीला टेकून उभा होतो. मग टेकलोय कशाला ते लक्षात आलं आणि टुणकन बाजूला झालो.

थोड्या वेळाने न्हावी आला. मिशीतला वास घागरींनी जाईना म्हणून सासऱ्यांनी मिशी उतरवली. आणि ब्राह्मणाची मिशी उतरली म्हणजे काय समजायचं ते सगळ्या आळीला ठाऊक. घटकाभरात समोरचे गृहस्थ पंचा खांद्यावर टाकून, पडेल चेहऱ्याने दारात उभे.

"काय हो, कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही," सासरे म्हणाले. "जावयाने गाडी रंगवली."

मी राख घेतली, रिठे घेतले, शिकेकाई घेतली. उन्हात बसून दमणी घासली. राघू गेले. तांबडा रंग माझ्या कोपरापर्यंत आला. वास मात्र कोळ्याने शब्द दिला होता तसाच टिकून राहिला. मांजरं ओळीने बसून बघत होती.

संध्याकाळी सासऱ्यांनी मला ओटीच्या खालच्या पायरीवर बसवलं. "या गाडीतून माझी लेक जायची नाही. आता पौष उलटला की या."

मी हात जोडले. आई वाट बघतेय म्हणालो, गाडीत चंदन उगाळीन म्हणालो. ते मान हलवत राहिले. तेव्हा आतून, दाराच्या आडून, माझ्या बायकोचा आवाज आला. वडीलधाऱ्यांसमोर तिने माझ्याशी बोलायची सोय नव्हती, वडिलांना उलट बोलायची तर नव्हतीच. म्हणून ती मांडीवरच्या मुलाशी बोलत होती, पण असं की विहिरीपर्यंत ऐकू जावं.

"बाळा, आजोबांना विचार हं, आगगाडीने ठाणं पान खाऊन होईतो येतं म्हणतात, ते खरं का?"

सासरे दचकले. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग दमणीकडे. एक मांजर टपावर चढून बसलं होतं. त्यांचा हात मिशीकडे गेला आणि नुसत्या ओठावरून परत आला.

"आता शिवायचं काय राहिलंय," ते म्हणाले. "आगगाडी तर आगगाडी. मीच पोचवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लेकीला आणि नातवाला घेऊन स्टेशनात गेले. डब्यात चढताना बायकोने मागे वळून पाहिलं. तिचा चेहरा पदराआड होता, पण खांदे हसत होते. मला त्याच दमणीतून दोन्ही तरी ओलांडून परत यायचं होतं. भिवंडीत या खेपेला मी स्वतःच उपरणं तोंडावर घेतलं, लाजेने.

घरी पोचेपर्यंत दिवस कलला. सासरे आमच्याकडे जेवून ओटीवर पडले होते. आईने मला उंबऱ्याच्या बाहेरच थांबवलं. तिची नजर माझ्या तांबड्या हातांवर होती. बायको मुलाला घेऊन दारात आली. महिनोन्‌महिने ज्याच्यासाठी जीव टाकत होतो तो हातभर अंतरावर. मी पुढे वाकलो. मुलाने नाक-तोंड आवळलं, मान फिरवली आणि जे भोकाड पसरलं ते आळीभर ऐकू गेलं.

बायकोने त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं, आणि सासूचा, बापाचा मान राखून, त्यालाच म्हणाली, "उगी उगी. तुला वास कळतो हो, बाळा. वडिलांवर गेला नाहीस."